आबा म्हणतात घरानं हरवलं, पोरगी म्हणते घरानं थांबवलं

पत्र:

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. सासरे, म्हणजे आमचे आबा, सुभेदार म्हणून निवृत्त झाले, कारगिलच्या वेळी ते तिकडेच होते. धाकटा दीर आज फौजेत आहे, सध्या सीमेवर. मुलगी पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. करते. गणपतीत ती घरी आली तेव्हा तिचा व्हिएतनाम युद्धावरचा निबंध चालला होता. जेवताना आबांनी विचारलं, काय लिहितेस? ती म्हणाली, "अमेरिकेतल्या लोकांनी रस्त्यावर उतरून युद्ध थांबवलं, त्याबद्दल." आबा म्हणाले, "थांबवलं नाही, हरवलं. फौज रानात जिंकत होती, घरच्यांनी पाय ओढले." शब्दानं शब्द वाढला. ती म्हणाली, "तुम्हाला हुकूम पाळायचीच सवय." त्यांनी तिला देशद्रोही म्हटलं. तेव्हापासून अबोला आहे. तिचा फोन आला की आबा उठून अंगणात जातात. दिवाळी तोंडावर आली.

खरं सांगू का, मला व्हिएतनामचं काही देणंघेणं नाही. मला दिराच्या काळजीनं झोप येत नाही. घरच्या ग्रुपवर सगळे "एकदा होऊनच जाऊ दे" म्हणतात, मी नुसते जोडलेले हात टाकते. मनात येतं, युद्ध नको. असं वाटणं म्हणजे दिराशी बेइमानी का? आणि आपण घरात बसून जे बोलतो, त्यानं तिकडे खरंच काही फरक पडतो का?

एक आई

उत्तर:

ताई,

खरा प्रश्न तुम्ही पत्राच्या अगदी तळाशी लिहिलात. बायका असंच करतात, आधी सगळ्या घराचं सांगून झालं की मग स्वतःचं. त्याचं उत्तर देतेच, पण वाट व्हिएतनामवरून जाते. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा थोडी कळ काढावी लागेल.

आबा वयानं मोठे, म्हणून त्यांचं आधी. ते म्हणतात ते अमेरिकेच्या फौजेतले पुष्कळ अधिकारी आजही म्हणतात. एप्रिल १९७५ मध्ये, अमेरिकेनं पाठीशी घातलेल्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्ट उत्तरेच्या हाती पडायला आठवडाही उरला नव्हता तेव्हा, हॅरी समर्स नावाचा अमेरिकन कर्नल वाटाघाटींसाठी उत्तरेच्या राजधानीत, हनोईत होता. तो उत्तर व्हिएतनामच्या एका कर्नलला म्हणाला, "तुम्ही आम्हाला रणांगणात कधी हरवलं नाही, ठाऊक आहे ना?" समोरचा जरा थांबून म्हणाला, "असेलही. पण त्याला आता काही अर्थ नाही." आबांना ही गोष्ट जरूर सांगा. पहिलं वाक्य ऐकून ते मांडीवर थाप मारतील. दुसऱ्या वाक्यावर मात्र त्यांना विचार करावा लागेल.

आबांचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे टेट. हा व्हिएतनामी नववर्षाचा सण, आपल्या पाडव्यासारखा. १९६८ च्या जानेवारीअखेर, ऐन सणात, कम्युनिस्टांनी दक्षिणेतल्या शंभराहून अधिक शहरा-गावांवर एकदम हल्ला चढवला. सायगावातल्या अमेरिकन वकिलातीच्या आवारातही १९ जण घुसले. लष्करी हिशेबानं हा हल्ला फसला. हल्लेखोरांची अतोनात माणसं मेली, ह्युए शहर सोडलं तर कुठे फार दिवस टिकता आलं नाही, लोक उठाव करतील ही आशाही खोटी ठरली. आणि तरी दोन महिन्यांत, ३१ मार्चला, अध्यक्ष लिंडन जॉन्सन टीव्हीवर आले, उत्तरेवरची बाँबफेक बहुतांश थांबवतो म्हणाले आणि जाता जाता पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचंही सांगून टाकलं. फौज जिंकली आणि राजा खचला. आबांच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता.

पण राग कोणावर काढायचा, तिथे माझा आणि आबांचा रस्ता वेगळा होतो.

तुमच्या भागात बोअर मारताना पाहिलं असेल. गाडीवाला दोनशे फुटांवर म्हणतो, खडक ओला लागलाय, आता पाणी आलंच. तीनशेवर म्हणतो, अजून वीस फूट. घरमालक पैसे मोजत राहतो, कारण इतका खर्च झालाय आणि माणूस खात्रीनं बोलतोय. मग एक दिवस मशीनमधून धुरळा वर येतो आणि गाडीवाला म्हणतो, अजून दोनशे फूट घेऊ. त्या क्षणी मालकाचं मन उडतं. खोलीमुळे नाही हो. इतके दिवस जे सांगत होता त्यामुळे.

नोव्हेंबर १९६७ मध्ये व्हिएतनाममधल्या फौजेचे सेनापती वेस्टमोरलंड यांना मुद्दाम वॉशिंग्टनला बोलावून लोकांपुढे उभं केलं होतं. ते म्हणाले, शेवट दृष्टीस पडू लागलाय. त्यानंतर अडीच महिन्यांनी लोकांनी घरच्या टीव्हीवर सायगावच्या वकिलातीत गोळीबार पाहिला. आणि १० मार्चच्या वर्तमानपत्रात आलं की फौजेनं आणखी २ लाख ६ हजार माणसं मागितली आहेत. जिंकत आलो होतो ना? मग ही कशाला?

गॅलप ही संस्था लोकांना तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती: व्हिएतनाममध्ये फौज पाठवणं ही चूक होती का? ऑगस्ट १९६५ मध्ये 'हो' म्हणणारे २४ टक्के होते. ऑक्टोबर १९६७ मध्ये ४७ टक्के 'हो' म्हणाले, ४४ टक्के 'नाही'. ही तारीख आबांना दाखवा. हा आकडा टेटच्या आधीचा आहे. टीव्हीवरची एक बातमी किंवा एखादा मोर्चा यानं हे झालेलं नाही. घरोघरी शवपेट्या येत होत्या आणि सरकार 'आता आलंच' म्हणत होतं, त्या दोन्हींतून हे हळूहळू साचलं. जॉन म्युलर नावाच्या अभ्यासकानं पुढे दाखवलं की आधीच्या कोरियन युद्धात आणि व्हिएतनाममध्ये, दोन्हीकडे, मृतांचा आकडा वाढला तसा पाठिंबा जवळपास एकाच चालीनं घसरला. आणि कोरियाच्या वेळी तर मोर्चेही नव्हते, घरोघरी टीव्हीही नव्हता.

आता तुमच्या लेकीकडे येते. तिलाही दोन शब्द ऐकवायचे आहेत.

"लोकांनी रस्त्यावर उतरून युद्ध थांबवलं" हे वाक्य कानाला गोड लागतं, पण निबंधात टिकायचं नाही. रस्त्यावर उतरलेली पोरं बहुसंख्य अमेरिकनांना आवडतच नव्हती. मे १९७० मध्ये ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या हाताखालच्या अर्धवेळ फौजेच्या, गोळीबारात चार विद्यार्थी मेले. त्यानंतरच्या पाहणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला, गार्डला फक्त ११ टक्क्यांनी. चार दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये बांधकाम मजुरांनी भर रस्त्यात युद्धविरोधी पोरांना बडवलं. म्हणजे युद्ध चूक आहे असं मानणारा आणि ही पोरं वाया गेलीत असं मानणारा, हा पुष्कळदा एकच माणूस होता. न्यू हॅम्पशायर राज्यात, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, मार्च १९६८ ला जॉन्सन यांच्याच पक्षातल्या युद्धविरोधी मॅकार्थींनी ४२ टक्के मतं घेतली, खुद्द अध्यक्ष जॉन्सन ४९ वर अडकले. सगळे म्हणाले, शांततेचा कौल! नंतर अभ्यासकांनी पाहिलं तर मॅकार्थींना मत देणाऱ्यांत जॉन्सन पुरेसे कडक लढत नाहीत म्हणून चिडलेले कितीतरी जण निघाले. लोक 'हे चाललंय ते नको' इतकंच सांगत होते. मग काय हवं, यावर घरोघरी तुमच्या घरासारखंच भांडण होतं.

आणखी एक सावधगिरी तिला सांगा. वॉल्टर क्रॉन्काइट या वृत्तनिवेदकानं २७ फेब्रुवारी १९६८ ला युद्ध कोंडीत अडकलंय असं सांगितलं, आणि ते पाहून जॉन्सन म्हणाले की क्रॉन्काइट गेला म्हणजे सगळा मध्यमवर्ग गेला, ही गोष्ट सगळीकडे सापडते. ते असं बोलले याबद्दल इतिहासकारांना दाट शंका आहे. कार्यक्रम चालू होता तेव्हा अध्यक्ष टेक्सासात एका वाढदिवसाच्या समारंभात होते. चांगली गोष्ट दिसली की आधी चिमटा काढून बघायचा, हे मी माझ्या वर्गात फळ्यावर लिहीत असे.

मग लोकमतानं केलं तरी काय? युद्धाचं रूप बदललं. माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे, आणि ती दोघांनाही आवडणार नाही.

जून १९६९ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकानं एका आठवड्यात मेलेल्या २४२ सैनिकांचे फोटो छापले. बरेचसे फोटो शाळा-कॉलेजच्या समारंभातले, नीट भांग पाडलेली पोरं. पानामागून पान नुसते चेहरे, खाली नाव, वय, गाव. त्याच्या थोडं आधी एक टेकडी घेण्यासाठी दहा दिवस लढून सत्तरच्या आसपास अमेरिकन मेले होते, आणि घेतलेली टेकडी फौजेनं काही दिवसांत सोडून दिली होती. सैनिकांनीच तिला 'हॅम्बर्गर हिल' नाव ठेवलं, खिमा होतो म्हणून. यानंतर सेनापतींना वरून आदेश गेला: आपली माणसं कमी गमवा. नवे अध्यक्ष निक्सन टप्प्याटप्प्यानं फौज परत आणू लागले. त्याच शरदात उत्तरेवर जबरदस्त घाव घालायची गुप्त योजना तयार होती. १५ ऑक्टोबरला देशभर लाखो लोक बाहेर पडले आणि निक्सननी ती गुंडाळली. मोर्च्यांमुळे आपल्या धमकीतला दम गेला, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं. तेव्हा लेकीला इतकं श्रेय देऊन टाकू: रस्त्यानं युद्ध थांबवलं नाही, पण किती वाढू द्यायचं यावर झाकण ठेवलं.

पण लोक थकले होते ते आपल्या पोरांच्या मरणाला. म्हणून आपली पोरं कमी मरतील आणि बाँब जास्त पडतील असं युद्ध सुरू राहिलं. शेजारच्या कंबोडियावर तर १९६९ पासून गुपचूप बाँब पडत होते. ते कायमचे थांबले १५ ऑगस्ट १९७३ ला, तेही अमेरिकी संसदेनं पैसा तोडला तेव्हा. निक्सन आले तिथून पुढेही सुमारे २१ हजार अमेरिकन सैनिक मेले. तिकडच्या शेतकऱ्यांच्या मरणाचा आकडा कोणत्याही पाहणीच्या प्रश्नात नव्हता. मे १९७१ मध्ये 'चूक होती' म्हणणारे ६१ टक्क्यांवर गेले होते, आणि पुढच्याच वर्षी त्याच लोकांनी निक्सनना ५० पैकी ४९ राज्यं दिली. बहुमतानं चूक म्हटलेलं युद्ध आणखी दोन-चार वर्षं चालू शकतं. हे मला शिकवताना नेहमी जड जायचं.

लोकमताचा सगळ्यात मोठा परिणाम तर ते गप्प होतं तेव्हाच झाला. जुलै १९६५ मध्ये युद्ध वाढवताना जॉन्सननी राखीव फौज बोलावली नाही. ती बोलावली असती तर कमावते बापे, दुकानदार, कारकून घरातून उठून गेले असते आणि गावोगाव प्रश्न विचारले गेले असते. त्याऐवजी सक्तीच्या भरतीतून एकोणीस-वीस वर्षांची पोरं उचलली. कॉलेजात असलेल्याला सवलत होती, म्हणून ओझं गरिबाच्या पोरावर पडलं. १ डिसेंबर १९६९ ला काचेच्या भांड्यातून जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून भरतीचा क्रम लावला. पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या दिवशी जन्मलेल्या मुलाच्या आईचा विचार करा. त्या आईचं मत त्या संध्याकाळी बदललं असेल तर त्यासाठी तिला कुठल्या मोर्च्याची गरज पडली असेल का?

पलीकडच्या घरांचंही एक वाक्य बोलते. उत्तर व्हिएतनाममध्ये गॅलप नव्हतं, वर्तमानपत्रं सरकारचीच. हनोईनं १९९५ मध्ये आपल्या बाजूच्या लढणाऱ्यांचा मृत्यूचा आकडा ११ लाख सांगितला. तिथल्या पोरांनी अंगावर गोंदून घेतलेलं असायचं: उत्तरेत जन्म, दक्षिणेत मरण. मत तिथल्या आयांनाही होतं, ते मोजायची सोय नव्हती. शिवाय ते आपल्याच मातीत लढत होते. बांधासाठी भांडणारा आणि रोजंदारीवर दुसऱ्याच्या बांधाला गेलेला, दोघांचा दम सारखा नसतो. हे आबांना मी समजावायची गरज नाही.

आता आबा विचारतील, मग कारगिलला काय झालं? शवपेट्या तेव्हाही गावोगाव आल्या, घरोघरी टीव्हीवर दिसल्या. ५२७ जवान गेले. तरी कोणी थकलं नाही, उलट लोक अधिक पेटून उठले. बरोबर. पण बघा, शिखर कोणाचं यावर घरात वाद नव्हता. तोलोलिंग घेतलं, टायगर हिल घेतलं, ते दिसत होतं. जुलै संपायच्या आत सगळं आटोपलं. बोअरला पाणी लागलेलं सगळ्या गावानं पाहिलं. तेच आठ वर्षं चाललं असतं आणि घेतलेली शिखरं सोडून दिली असती, तर तुमच्या गावातही पारावर वेगळं बोलणं ऐकू आलं असतं, आणि ते बोलणाऱ्यांत दोन पोरं फौजेत असलेला एखादा म्हाताराही असता.

अमेरिकेतही तसंच झालं. एप्रिल १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी संसदेच्या पायऱ्यांवर आपली पदकं फेकली. आबांना हे ऐकवताना जपून. पदक काय असतं हे त्यांना ठाऊक आहे, त्यांना ते लागेल. त्यांच्या रागात एक जुनी खरी जखम आहे, ती लेकीनं ओळखायला हवी: तिकडे युद्धाचा राग पुष्कळदा परतलेल्या पोरांवर निघाला, त्यांना कोणी नीट विचारलंही नाही. वॉशिंग्टनमधली नावांची काळी भिंत १९८२ मध्ये उभी राहिली, तीही सैनिकांनीच पुढाकार घेऊन, लोकांकडून पैसे जमवून. ५८ हजारांवर नावं आहेत त्यावर.

आता तुमचं.

युद्ध नको वाटणं ही दिराशी बेइमानी नाही. दिरालाही ते रोज वाटत असेल, फक्त ड्युटीवर कोणी बोलून दाखवत नाही. आणि घरातल्या बोलण्यानं फरक पडतो का? तुमच्या एकटीच्या बोलण्यानं नाही. पण "एकदा होऊनच जाऊ दे" हेही लोकमतच आहे, आणि राज्यकर्ते तेही मोजतात. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात दोन हल्ले झाले असं सांगून जॉन्सननी युद्धाची मोकळीक मागितली. दुसरा हल्ला मुळात झालाच नव्हता. कनिष्ठ सभागृहात ठराव ४१६ विरुद्ध शून्य मतांनी पास झाला, वरिष्ठात ८८ विरुद्ध दोन. त्या दोघांची नावं मोर्स आणि ग्रुनिंग. ते बरोबर निघाले, म्हणून लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं असेल असं वाटतं ना? दोघांनीही १९६८ मध्ये, लोकमत फिरलं त्याच वर्षी, आपली जागा गमावली. हे लेकीला निबंधात घालायला सांगा.

ग्रुपवर वाद घालू नका. जोडलेल्या हातांऐवजी एकदा लिहा, "आमचा माणूस तिकडे आहे, देव त्याला सुखरूप ठेवो." बघा, पुढचे दोन दिवस ग्रुप जरा हळू बोलेल. मात्र एका गोष्टीवर अडून बसा: दिराची पलटण कुठे हलली, तो कुठल्या ठाण्यावर आहे, त्यानं पाठवलेला बर्फातला फोटो, हे कोणी पुढे पाठवायचं नाही. तुमचं मत शत्रूच्या काही कामाचं नाही. हे मात्र आहे. या कामी आबांना पुढे करा, ते ग्रुपला दोन ओळींत सरळ करतील.

दिराचं लग्न झालंय का ते लिहिलं नाहीत. झालं असेल तर जाऊबाईंना रात्री फोन करा. त्याही जाग्याच असतील.

लेकीनं "हुकूम पाळायची सवय" या वाक्याची माफी मागावी. मताची नको, वाक्याची. आबा माफी मागणार नाहीत, त्यांच्याकडून ती वाट बघू नका. ते तिच्या ताटात न विचारता करंजी वाढतील, ती माफी समजायची. आणि तिनं त्यांना व्हिएतनामबद्दल एक अक्षर न बोलता इतकंच विचारावं: "आबा, कारगिलला तुम्हाला घरचं काय कळत होतं? आजीनं काय लिहिलं होतं?" ५६ एपीओ या फौजेच्या टपाल-पत्त्यावर गेलेली आंतर्देशीय पत्रं फौजी माणूस टाकून देत नाही. ट्रंकेत असतील, वर्दीखाली. घरचं बोलणं तिकडे पोचतं का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा त्या पत्रांत नीट मिळेल. मला वाटतं त्यात युद्ध हवं की नको याबद्दल एक ओळही नसेल, म्हशीबद्दल आणि पावसाबद्दल असेल.

आणि चिवड्याचे पोहे यंदा त्या दोघांकडे द्या. एकानं चाळायचे, एकानं उन्हात पसरून राखायचे. दहा किलो घ्या, लवकर संपायला नकोत.